मागून बसणारा धक्का आणि मोटारीतील आसन

मोहने, आंबिवली आणि शहाड या पट्ट्यातून कल्याणकडे ये-जा करणाऱ्या वाहनांची सकाळ-संध्याकाळ होणारी दाटी शहाडच्या रेल्वे उड्डाणपुलाच्या आसपास नेहमी पाहावयास मिळते. मुरबाडकडील मालमोटारी, एस.टी. बसगाड्या, रिक्षा आणि खाजगी मोटारी एकामागोमाग उभ्या असतात. रांग दहा पावले पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. अशा रांगेत एखाद्या चालकाचे लक्ष क्षणभर विचलित होते, ब्रेक दाबावयास किंचित उशीर होतो आणि त्याची गाडी पुढच्या गाडीवर मागून आदळते. दोघे चालक खाली उतरतात, बंपर पाहतात, दिव्याची काच फुटली असल्यास तिच्या किमतीवरून थोडी बोलाचाली होते, मागच्या वाहनांचे भोंगे वाजू लागतात आणि प्रकरण तेथेच मिटते. कोणाला खरचटलेलेही नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुढच्या गाडीतील प्रवाशाला उशीवरून मान उचलता येत नाही. डोक्याचा मागचा भाग ठणकतो, खांद्यापर्यंत कळ जाते, मान वळवून मागे पाहणे अशक्य होते. उशी बदलली म्हणून, वारा लागला म्हणून किंवा रात्री मान अवघडली म्हणून असे झाले, अशी घरात समजूत घातली जाते. आदल्या दिवशीच्या धक्क्याशी या दुखण्याचा संबंध जोडणारे थोडेच. बहुतेकांना काही दिवसांत वा आठवड्यांत आराम पडतो. परंतु काहींचे दुखणे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकते आणि त्यांना वजन उचलण्याचे, वाकून करावयाचे किंवा एका जागी बसून करावयाचे काम सोडावे लागते. मोहने हे उल्हास नदीकाठचे गाव नॅशनल रेयॉन कारखान्याच्या आधाराने वाढले. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि दाराशी असलेले काम गेले. कामासाठी रोज दूर जावे लागणाऱ्या अशा वस्तीत मान धरलेल्या माणसाचा रोजगार बुडणे ही लहान बाब नव्हे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. या अपघातांपैकी सुमारे एक-पंचमांश अपघात मागून धडक बसण्याचे होते. पुलाच्या चढावर बसलेला आणि पोलीस ठाण्यापर्यंत न पोहोचलेला धक्का या आकड्यात धरलेला नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

एक दशांश सेकंदातील घटना

मागून धडक बसली की डोके मागे फेकले जाते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः डोके प्रथम कोठेच जात नाही. ते आहे त्या जागी राहते आणि त्याच्या खालून आसन व आसनाला टेकलेले धड पुढे निघून जाते. उभी असलेली एस.टी. झटक्याने सुटली की दांडा न धरलेला प्रवासी मागे कलंडतो, तो याच कारणाने. शाळेत पेल्यावर पोस्टकार्ड आणि त्यावर नाणे ठेवून कार्डाला टिचकी मारण्याचा प्रयोग शिक्षक करून दाखवितात. कार्ड सटकते आणि नाणे पेल्यात पडते. मोटारीतील प्रवाशाच्या बाबतीत धड हे कार्डासारखे वागते आणि डोके नाण्यासारखे. फरक इतकाच की हे नाणे कार्डाला मानेने जोडलेले असते.

याचा साधा हिशेब करून पाहता येतो. सारख्याच वजनाची मोटार ताशी २० किलोमीटर वेगाने उभ्या मोटारीवर आदळून दोन्ही एकत्र पुढे सरकल्या, तर उभ्या मोटारीला एकाएकी ताशी १० किलोमीटर वेग प्राप्त होतो. ही घटना साधारण एक दशांश सेकंदात घडते असे धरले, तर प्रवाशाच्या पाठीवर येणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पावणेतीन पटीच्या आसपास भरतो. आदळणारे वाहन मोटारीच्या नऊपट वजनाची मालमोटार असेल, तर त्याच ताशी २० किलोमीटरच्या धडकेत मोटारीला ताशी १८ किलोमीटर वेग मिळतो आणि हा जोर पाचपटीवर जातो. चालण्याच्या वेगाहून थोड्याच अधिक वेगाने सरकणाऱ्या अवजड वाहनाचा धक्काही दुर्लक्ष करण्याजोगा का नसतो, हे यावरून कळते.

आता डोक्याचे पाहू. पहिल्या उदाहरणात एक दशांश सेकंदात मोटार सुमारे १४ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके मात्र अजून मूळ जागीच असते. डोक्यामागे ७ सेंटिमीटरवर हेडरेस्ट असेल, तर ते धक्क्यानंतर सुमारे सात शतांश सेकंदात डोक्याला येऊन भिडते आणि त्यालाही धडासोबत पुढे घेऊन जाते. तेच अंतर १४ सेंटिमीटर असेल, तर आधार मिळेपर्यंत धक्क्याचा सारा काळ उलटून गेलेला असतो. हा हिशेब ढोबळ आहे. आसनाचा मऊपणा आणि पाठीची वक्रता त्यात धरलेली नाही. तथापि मानेचे बरे-वाईट ठरविणारी गोष्ट कोणती, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. ती गोष्ट म्हणजे डोके आणि हेडरेस्ट यांमधील काही बोटांचे अंतर होय.

या अल्पावधीत मानेच्या सात मणक्यांची रचना विलक्षण आकार धारण करते. खालचे मणके धडासोबत पुढे ओढले जातात व मागच्या बाजूस वाकतात, तर वरचे मणके त्याच वेळी पुढच्या बाजूस वाकलेले असतात. बाजूने पाहिल्यास मान नागमोडी दिसते. अमेरिकेतील येल विद्यापीठातील भारतीय वंशाचे संशोधक मनोहर पंजाबी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये मानेच्या मणक्यांवरील प्रयोगांतून ही अवस्था दाखवून दिली. मान पूर्णपणे मागे कलंडण्यापूर्वीच खालच्या मणक्यांमधील सांधे आपल्या स्वाभाविक मर्यादेपलीकडे उघडतात, असे त्यांना आढळले. मान आवळून धरण्यासही येथे अवसर नसतो, कारण धक्क्याची जाणीव होऊन स्नायूंनी काम सुरू करावयास साधारण एक दशांश सेकंद लागतो. धक्का येत असल्याचे ज्याला दिसले नाही, त्याच्या स्नायूंना काम मिळते ते सारे होऊन गेल्यावर.

ताणले जातात ते सांध्यांभोवतीचे अस्थिबंध, सांध्यांची आवरणे, स्नायू आणि कदाचित मज्जातंतूंची मुळे. यांपैकी काहीच साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. हाड मोडलेले नसले की ‘काही विशेष नाही’ असा शेरा मिळतो. रुग्णाची वेदना खरी असते आणि चित्रही खरेच असते. या दोहोंच्या मधल्या जागेत गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे.

रेल्वेपासून सुरू झालेला वाद

या वादाचा प्रारंभ मोटारीपासून झालेला नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ मध्ये धावली, १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्याच सुमारास इंग्लंडात रेल्वेचे जाळे दाट झाले होते आणि गाड्यांच्या टकरींतून वरकरणी सुखरूप बाहेर पडलेले प्रवासी पुढे पाठदुखी, डोकेदुखी आणि अशक्तपणाच्या तक्रारी घेऊन येऊ लागले होते. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये या विषयावर आपली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ‘रेल्वेचा कणा’ अशा अर्थाच्या नावाने हे दुखणे त्या काळी ओळखले जाई. प्रवासी भरपाईसाठी सोंग करतात असे एका पक्षाचे म्हणणे, तर कण्याला खरोखर इजा होते असे दुसऱ्याचे. न्यायालयांत दोन्ही बाजूंनी डॉक्टर उभे राहत.

पुढे मोटारी आल्या आणि दुखणे रुळांवरून रस्त्यावर उतरले. अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरोल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये त्यास चाबकाच्या फटकाऱ्याची उपमा देणारे ‘व्हिपलॅश’ हे नाव योजिले. नाव लगेच रूढ झाले, पण त्याने थोडा घोटाळाही केला. आसुडाच्या टोकासारखे डोके फटकारले जाते अशी त्यामुळे कल्पना झाली आणि मान फार मागे जाऊ न देणे एवढेच पुरेसे आहे, असे दीर्घकाळ मानले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील सेव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये मोटारी प्रत्यक्ष एकमेकींवर आदळवून मोजमापे घेतली. मोटारीला बसणाऱ्या धक्क्यापेक्षा प्रवाशाच्या डोक्याला बसणारा धक्का कितीतरी अधिक व थोडा उशिरा येतो, हे त्यांत दिसून आले.

अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढील आसनांना हेडरेस्ट सक्तीचे झाले. त्याचा परिणाम काय झाला याची पाहणी तेथील शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. ती उद्बोधक आहे. पाठीशी एकसंध असलेल्या उंच आसनांमुळे मागून बसणाऱ्या धडकेतील इजा सुमारे १७ टक्क्यांनी घटल्या होत्या. वर-खाली करता येणाऱ्या हेडरेस्टमुळे मात्र केवळ १० टक्क्यांनी. कारण सरळ होते. बहुसंख्य लोकांनी ते कधी वर केलेच नव्हते. गाडी विकत घेताना ते ज्या खालच्या खाचेत होते, त्याच खाचेत वर्षानुवर्षे राहिले. उपकरण होते, परंतु ते डोक्यामागे नव्हते, मानेमागे होते. आणि मानेमागील आधार हा डोक्याला मागे कलंडण्यासाठी टेकूसारखा उपयोगी पडतो, ही त्यातील खेदाची गोष्ट.

आसन कसे असावे

समोरून धडक बसते तेव्हा प्रवाशाला धरून ठेवण्याचे मुख्य काम सीटबेल्ट आणि एअरबॅग करतात. मागून धडक बसते तेव्हा हे काम जवळजवळ सर्वस्वी आसनाकडे येते. यामुळे आसन ही केवळ बसण्याची सोय नसून सुरक्षेचे साधन आहे, हा विचार गेल्या काही दशकांत दृढ झाला आहे.

या विचारातील कठीण प्रश्न पाठीच्या मजबुतीचा आहे. आसनाची पाठ फार लवचीक असली, तर मोठ्या धडकेत ती मागे कोसळते, प्रवासी तिच्यावरून घसरत मागच्या आसनाकडे जातो आणि मागे मूल बसलेले असल्यास त्याच्यावर सारा भार पडतो. उलट ती दगडासारखी ताठ केली, तर लहान धडकेत धड चेंडूसारखे पुढे उसळते व मानेला अधिक पीळ पडतो. मोठे धक्के थोडे असतात पण प्राणघातक ठरतात, लहान धक्के असंख्य असतात पण त्यांनी प्राण जात नाही. आसन तयार करणाऱ्याने कोणाकडे पाहावे? यावर तंत्रज्ञांमध्ये पुष्कळ मतभेद झाले. सध्याचा सर्वसाधारण कल असा की सांगाडा व जमिनीशी असलेली पकड मजबूत असावी, पाठीचा गादीकडील भाग मात्र असा असावा की धड त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत रुतावे. धड रुतले की डोके आपोआप हेडरेस्टजवळ येते.

स्वीडनमधील कारखान्यांनी या दिशेने प्रथम ठळक पावले टाकली. साब कंपनीने १९९७ मध्ये असे आसन आणले की धक्क्याने प्रवाशाची पाठ आसनात दाबली जाताच आतील तरफेमुळे हेडरेस्ट वर व पुढे सरकून डोक्याला भिडते. त्यात विजेचा वा यंत्राचा संबंध नाही, प्रवाशाच्या स्वतःच्या वजनानेच ते काम होते. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हो कंपनीने निराळी युक्ती योजिली. तिच्या आसनाची पाठ धक्का बसताच प्रथम सरळ मागे सरकते आणि नंतर थोडी कलते. बैलगाडी उताराला लागली की बैल जोराचा धक्का अंगावर न घेता मागे रेलून तो सोसतात, काहीशी तीच रीत. विमा दाव्यांच्या पुढील अभ्यासांत अशा आसनांमुळे मानेच्या इजा निम्म्याच्या जवळपास घटल्याचे दिसले. वाहनसुरक्षेच्या क्षेत्रात एखाद्या साध्या यांत्रिक फेरबदलाचा इतका परिणाम दिसणे विरळाच.

चाचणीसाठी पूर्वी वापरले जाणारे पुतळे समोरील धडकेसाठी बनविलेले होते व त्यांची पाठ ताठ होती. त्यामुळे १९९० नंतरच्या दशकात स्वीडनमध्येच माणसासारखा २४ मणक्यांचा लवचीक कणा असलेला नवा पुतळा तयार करण्यात आला. मात्र तो सरासरी पुरुषाच्या बांध्याचा होता. मानेची ही इजा स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात होते, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. स्त्रियांची मान तुलनेने बारीक, वजन कमी, बसण्याची पद्धतही भिन्न. तरीही आसनांची पारख पुरुषी पुतळ्यावर होत राहिली. स्वीडिश संशोधिका ॲस्ट्रिड लिंडर यांच्या नेतृत्वाखाली सरासरी स्त्रीच्या बांध्याचा पुतळा २०२२ मध्ये पुढे आला. इतका उशीर का व्हावा, हा प्रश्न अनाठायी म्हणता येणार नाही.

आपल्याकडील वाहने

भारतात मोटारींची आसने, त्यांची पकड आणि हेडरेस्ट यांची तपासणी भारतीय मानकांनुसार होते आणि पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्यांचे एक प्रमुख केंद्र आहे. नव्या मोटारींना तारांकन देणारी ‘भारत एनकॅप’ योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्या पहिल्या स्वरूपात समोरील व बाजूच्या धडकेची परीक्षा होती, मागील धडकेत आसन कसे वागते याची नव्हती. युरोपातील तत्सम योजनेत ती सुमारे दीड दशक आधीपासून आहे. मोटारीवर पाच तारे दिसले म्हणजे तिच्या आसनाचीही परीक्षा झाली आहे, असे यास्तव गृहीत धरता येत नाही.

मानकानुसार बनलेले आसन वापरात कसे राहते, हा वेगळाच विषय आहे. शासकीय व निमशासकीय कार्यालयांच्या गाड्यांत मागील आसनावर पांढरा टॉवेल आणि पाठीशी तक्क्या ठेवण्याची जुनी रीत आहे. पाठीमागे जाड उशी घेतली की धड पुढे येते आणि डोके व हेडरेस्ट यांमधील अंतर तितकेच वाढते. आसन आणि हेडरेस्ट यांवर मिळून एकसंध खोळ शिवलेली असेल, तर हेडरेस्ट वर करताच येत नाही. मागे बसलेल्यांना पुढचा रस्ता नीट दिसावा म्हणून पुढील हेडरेस्ट काढून डिकीत टाकलेलीही आढळतात. मागील आसनाच्या मधल्या जागेला कित्येक गाड्यांत हेडरेस्टच नसते आणि नेमके तेथे घरातील सर्वांत लहान वा सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला बसविले जाते. चालकाशी बोलण्यासाठी पुढे ओणवे होऊन बसणाऱ्या प्रवाशाला तर उत्तम आसनाचाही काही उपयोग नाही.

रिक्षातील प्रवाशांची पाठ खांद्यापर्यंतच टेकते. समोरासमोर बाके असलेल्या जीपमधून पाड्यांवरची माणसे बाजाराला येतात, तेव्हा मागून धक्का बसल्यास ती एकमेकांवर आणि दारावर फेकली जातात. तेथे मानेला आधार देणारे काहीच नसते. रुग्णवाहिकेत रुग्णाच्या बाजूस आडव्या बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांची स्थिती याहून वेगळी नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये मागील दाराला लागून जादा फळी टाकलेली असेल, तर त्या फळीवर बसलेल्या मुलांमध्ये आणि मागच्या वाहनाच्या बंपरमध्ये केवळ एक पत्रा असतो. पालक सभेत फी आणि वेळा यांची चर्चा होते, तशी या फळीचीही होण्यास हरकत नाही.

उपाय पुष्कळसा हाताच्या अंतरावर आहे. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या टाळूइतकी उंच असावी. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने उत्तम आसनाची जी कसोटी ठरविली, तीत ही कड टाळूपासून ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक खाली नसावी आणि डोक्यामागील अंतर ७ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे असे सांगितले आहे. सात सेंटिमीटर म्हणजे साधारण चार बोटे. आसनाची पाठ फार मागे कललेली असली की हे अंतर वाढते, ती थोडी उभी केली की कमी होते. घरातील चालविणारी माणसे बदलली की हेडरेस्टची उंचीही आरशाप्रमाणेच बदलावी लागते. तान्ह्या मुलांसाठी पाठ पुढच्या दिशेला करून बसविण्याचे स्वतंत्र आसन मिळते. मांडीवर घेतलेल्या मुलाला कोणत्याही धडकेत हाताने धरून ठेवणे शक्य होत नाही.

आदळणाऱ्या गाडीतील प्रवासी

मागून धडक बसण्याच्या अपघातात दोन गाड्या असतात आणि दोहोंतील इजा सारख्या नसतात. आदळणाऱ्या गाडीतील प्रवासी पुढे फेकले जातात. त्यांच्या दृष्टीने ती समोरील धडकच असते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर व मुंबई–नाशिक महामार्गावर कडेला वा चढावर उभ्या, संथ चालणाऱ्या मालमोटारीवर वेगातील मोटार आदळणे हा या प्रकारचा सर्वांत घातक नमुना. मालमोटारीचा मागील भाग उंच असल्याने मोटारीचे तोंड खाली शिरते आणि काचेच्या पातळीवर आघात होतो. माजी आमदार विनायक मेटे यांचे १४ ऑगस्ट २०२२ रोजी द्रुतगती मार्गावर निधन झाले, ते त्यांची मोटार पुढील अवजड वाहनावर मागून आदळल्याने. मालमोटारींच्या मागे खाली घुसण्यास प्रतिबंध करणारा मजबूत दांडा आणि परावर्तक पट्ट्या यासाठीच आवश्यक ठरविल्या आहेत. त्या दांड्याची दोन टोके वाकलेली व पट्ट्या चिखलाने माखलेल्या असणे हे नेहमीचे दृश्य आहे.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटी येथे सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी मरण पावले. दोघेही मागील आसनावर होते व दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. ही मागून बसलेली धडक नव्हे. परंतु मागील आसन सुरक्षित असते, तेथे बेल्टची गरज नसते, या समजाला या घटनेने मोठा तडा दिला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८(३) अन्वये पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरही बेल्ट लावणे बंधनकारक आहे. मागून बसलेल्या धडकेतही बेल्टला काम असते. आसनात रुतलेले धड परत उसळते तेव्हा ते पुढे जाऊ न देणे आणि पाठ कललेल्या आसनावरून प्रवाशाला वर घसरू न देणे, ही दोन्ही कामे बेल्ट करतो.

धक्क्यानंतर

मानेच्या इजेबाबत कॅनडातील क्यूबेक प्रांतात नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने १९९५ मध्ये दिलेला अहवाल आजही आधारभूत मानला जातो. मंडळाने या इजेच्या पायऱ्या ठरविल्या. केवळ दुखणे व आखडणे, हालचालीवर मर्यादा येणे, हातापायांत बधिरता वा अशक्तपणा येणे आणि अखेर हाड मोडणे वा सरकणे, असा त्यांचा चढता क्रम आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवरील रुग्णाला आठवडेच्या आठवडे पट्टा बांधून निजवून ठेवणे लाभदायक नसते. वैद्यकीय तपासणीनंतर वेदनाशामक औषध घेऊन मान हळूहळू हलती ठेवणे व नेहमीच्या कामाला लवकर लागणे यानेच बहुतेकांना गुण येतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. मान चोळून घेणे, ‘कट्‌’ असा आवाज येईपर्यंत झटका देऊन घेणे हे उपाय आपल्याकडे गावोगाव चालतात. मणक्याला इजा नाही हे ठरण्यापूर्वी ते करवून घेणे धोक्याचे आहे.

हातापायांत मुंग्या वा बधिरता, पकड सैल पडणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, वाढती डोकेदुखी, उलटी किंवा ग्लानी यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला बसते वा उभे न करता, मान न वळविता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविणे योग्य. रिक्षात घालून नेण्याच्या घाईत मान लोंबकळू देण्याने इजा वाढते.

नोंदीचा प्रश्न यानंतर येतो आणि पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात ते बहुधा याच टप्प्यावर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मोडलेले हाड स्वतःच साक्ष देते. दुखरी मान देत नाही. धक्क्यानंतर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जाऊन, धक्का केव्हा व कसा बसला हे केसपेपरवर लिहून घेतलेले असले तर पुढील उपचारांचा धागा जुळतो. तीन महिन्यांनी प्रथमच केलेल्या तक्रारीला विमा कंपनीचे वकील सहज बाजूस सारतात. एरिक्सन यांच्या काळातील शंका अद्याप संपलेली नाही, तिचे फक्त कार्यालय बदलले आहे.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात वाहनाचे बाहेरचे नुकसान सहसा सविस्तर येते. आतील आसनाची पाठ वाकली आहे काय, ती किती अंशी मागे गेली, हेडरेस्ट कोणत्या खाचेत होते अथवा जागेवर होते किंवा नाही, बेल्ट ओढलेल्या स्थितीत अडकला आहे काय, या गोष्टी दोन-तीन छायाचित्रांत सहज टिपता येतात. गाडी गॅरेजमध्ये गेली की कारागीर प्रथम आसन सरळ करतो, हेडरेस्ट खाली दाबतो आणि नवी खोळ चढवितो.